बसणें, उभें राहणें आणि अंगावरचा मेद

(महोत्सवाच्या व्याख्यानमालेंत गास येथें दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेंत आमच्या वांट्यास शरीरप्रकृतीचा विषय आला, तेव्हां समितीच्या एका सभासदानें हंसून विचारलें, "फादर, पोट सुटलेल्या माणसानें चरबीवर बोलावें काय?" आम्ही म्हणालों, त्यानेंच बोलावें. आमची कंबर बेंबीच्या रेषेवर मोजली असतां ४१ इंच भरते. हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें; म्हणजे ज्या कोणाची दृष्टि आमच्या झग्याच्या मध्यभागाकडे वळेल त्याला व्याख्यान संपेपर्यंत अंदाज बांधीत बसावें लागणार नाहीं.

पण ह्या विषयाकडे आम्हीं लक्ष दिलें तें स्वतःच्या कंबरेमुळें नव्हे. आम्हांस एक जुनें कर्ज फेडावयाचें आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत प्रायश्चित्तकाळांत आम्ही सात प्रमुख पापांवर प्रवचनें देत होतों. खादाडपणाची पाळी आली त्या रविवारीं आम्ही असें म्हणालों कीं, जिभेला लगाम नसला म्हणजे त्याची साक्ष माणसाची कंबर देते. वाक्य झोकदार होतें; लोक हंसले; आम्हांसहि बरें वाटलें. मिस्सा झाल्यावर घरीं शिवणकाम करून संसार चालविणारी एक स्थूल बाई आमच्यापाशीं आली आणि दाराशींच उभी राहून म्हणाली, "फादर, मी दोन वेळां मिळून तीन भाकऱ्या खातें. माझा भाऊ गवंडीकाम करतो. तो एका बैठकीला चार खातो आणि त्याच्या बरगड्या मोजून घ्याव्या. आज सर्वांच्या देखत तुम्ही मला खादाड म्हणालांत." तिचें नांवसुद्धां तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें, मग तिला उद्देशून बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तसें आम्ही सांगितलें. ती "बरें" म्हणून गेली. परंतु तिच्या तीन भाकऱ्या व भावाच्या चार भाकऱ्या ह्यांचा हिशेब आमच्या डोक्यांतून गेला नाहीं. धर्मविद्यालयांत आम्हांस तर्कशास्त्र शिकविलें होतें, आणि आमचें वाक्य तर्काला धरून नव्हतें एवढें उघड होतें.

आतां थोडे मागें जाऊं. आम्ही ह्याच वसईच्या मातींत वाढलों. आमची आजी कोंबडा आरवण्यापूर्वीं वाडींत उतरे. मुळा उपटणें, जुड्या बांधणें, बावखलाच्या कांठीं त्या धुणें, पाटी डोक्यावर घेऊन स्टेशन गांठणें, मुंबईस माल विकून परत येणें आणि मग चुलीपुढें बसणें, असा तिचा क्रम असे. गासच्या मंडळींस हा क्रम आम्हीं वर्णन करून सांगावा असें नाहीं. ज्यांच्या आयांनीं पाट्या वाहिल्या ते पुढच्याच रांगेंत बसले आहेत. पण ती बसत नसे असें समजूं नका. निंदणीला बसे, विळीवर बसे, संध्याकाळीं ओट्यावर शेजारणींशीं बोलत बसे. फक्त खुर्चीवर ती क्वचितच बसली. ती उकिडवी बसे, मांडी घाली, एक गुडघा उभा करून बसे, आणि तासांतून दहा वेळां कशाचाहि टेका न घेतां उठे.

हा भेद क्षुल्लक नाहीं. आफ्रिकेंतील टांझानिया देशांत हाड्झा नांवाचे लोक राहतात. त्यांच्यापैकीं कांहीं अजूनहि शिकार करून व कंदमुळें गोळा करून पोट भरतात. त्यांच्या मांडीस लहान मापकयंत्रें लावून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२० सालीं प्रसिद्ध झाला. हे लोक जागेपणीं दिवसाचे सुमारे दहा तास स्वस्थ असतात, म्हणजे शहरांतल्या माणसाइतकेच! परंतु त्यांतला बराच वेळ ते उकिडवे बसतात किंवा गुडघे टेकून असतात, आणि अशा बैठकींत पायांचे स्नायू खुर्चीवर बसलेल्याच्या स्नायूंपेक्षां पुष्कळ अधिक जागे राहतात. खुर्ची शरीराचा सगळा भार स्वतःवर घेते. पायांना कामच उरत नाहीं. रक्तांतील मेद ओढून घेऊन तो जाळण्यासाठीं स्नायूंत एक पाचक द्रव्य असतें. उंदरांच्या मागच्या पायांवर भार पडूं दिला नाहीं, तर एका दिवसाच्या आंतच तें द्रव्य त्या स्नायूंत पुष्कळ कमी होतें असें अमेरिकेंतील प्रयोगांत दिसून आलें. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हें आम्हांस कळतें. तरी दिशा ध्यानांत येते.

आमच्या डोळ्यांदेखत चूल ओट्यावर चढली, विळीची सुरी झाली, जात्याची गिरणी झाली, राहाटाचा पंप झाला, आणि शौचकूपांतहि अखेर खुर्चीच आली. ह्याबद्दल आम्ही अश्रु ढाळीत नाहीं. आजीची मान पाट्या वाहून वांकली होती, आणि आपल्या लेकीनें पाटी उचलूं नये ह्याकरितांच तिनें तिला शाळेंत घातलें. ती पाटी पुन्हा यावी अशी इच्छा करण्याचा अधिकार जिनें ती वाहिली तिला आहे, आम्हांस नाहीं.

आतां त्या बाईच्या हिशेबाकडे वळूं. झां मेयर नांवाच्या आहारशास्त्रज्ञानें पश्चिम बंगालमधील एका तागाच्या गिरणींतील २१३ माणसांचा आहार, वजन व काम ह्यांची नोंद करून ती १९५६ सालीं प्रसिद्ध केली. त्यांत दुकान मांडून बसणारे होते, कारकून होते, यंत्रावर काम करणारे होते, आणि ओझीं वाहणारे व कोळसा टाकणारेहि होते. जसजसें काम जड तसतसा आहार वाढत होता आणि वजन मात्र बेताचेंच राहत होतें. म्हणजे भूक कामाच्या मापानें चालत होती. येथपर्यंत आपल्या अपेक्षेप्रमाणें झालें. पण अगदीं बैठें काम करणाऱ्यांची गोष्ट निराळी निघाली. त्यांची भूक हलकें काम करणाऱ्यांपेक्षां कमी असावयास हवी होती. ती उलट अधिक होती, आणि वजनहि त्यांचेंच सर्वांत अधिक होतें. काम एका मर्यादेखालीं गेलें कीं भुकेचा तराजू बिघडतो, असा त्याचा अर्थ मेयरनें लावला. दिवसभर यंत्रापुढें बसून शिवणाऱ्या माणसास भूक लागते ती खोटी नसते, आणि पापीहि नसते. ती फक्त त्याच्या कामाच्या मापाची राहिलेली नसते.

दुसरा प्रयोग अमेरिकेंतील मेयो क्लिनिक येथें झाला व १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. सोळा स्वयंसेवकांस आठ आठवडे रोज त्यांच्या गरजेपेक्षां १,००० उष्मांक अधिक खाऊं घालण्यांत आलें. उष्मांक म्हणजे अन्नांतील शक्ति मोजण्याचें माप. आपल्या अंगावरील एक किलो मेदांत असे सुमारें ७,७०० सांठविलेले असतात. सर्वांस वाढीव अन्न सारखेंच. तरी कोणाच्या अंगावर अर्ध्या किलोहूनहि कमी चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर चार किलोहून अधिक. फरक कशानें पडला? ज्यांच्या अंगावर कमी चढली ते, व्यायाम न करतां, नकळत अधिक हालचाल करूं लागले होते. उठणें, बसणें, कूस बदलणें, येरझारा घालणें, अशा ज्या गोष्टींस आपण चुळबुळ म्हणतों आणि ज्याबद्दल आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांना दटावलें, त्याच ह्या. हें वाचलें त्या दिवशीं आम्हांस ती बाई आठवली. एकाच पंक्तीस दोघे सारखें जेवूनहि एकाची कंबर साक्ष देते आणि दुसऱ्याची देत नाहीं, तर ती साक्ष न्यायालयांत टिकावयाची नाहीं.

त्याच संशोधकांनीं २००५ सालीं आणखी एक अभ्यास केला. दहा सडपातळ व दहा स्थूल अशा वीस माणसांच्या अंगावर मापकें लावून रात्रंदिवस त्यांची बैठक मोजली. सगळेच व्यायाम न करणारे. स्थूल माणसें दिवसास दोन तासांहून अधिक जास्त बसत होतीं. तीं सडपातळांसारखीं उठबस करतीं तर रोजचे सुमारें ३५० उष्मांक अधिक खर्च झाले असते. पुढें सडपातळांचें वजन वाढविलें आणि स्थूलांचें उतरविलें, तरी ज्याची त्याची बसण्याची संवय बदलली नाहीं. ती जणूं ज्याची त्याला जन्मजात होती.

परंतु येथें एक शंका काढलीच पाहिजे, कारण ती न काढणारा माणूस आमच्या त्या प्रवचनासारखींच वाक्यें बोलूं लागतो. माणूस बसतो म्हणून स्थूल होतो, कीं स्थूल होतो म्हणून बसतो? लंडनच्या बसगाड्यांची गोष्ट वैद्यकाच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. जेरी मॉरिस ह्या डॉक्टरानें १९५३ सालीं दाखवून दिलें कीं, दिवसभर बसणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक, आणि दुमजली गाडीच्या जिन्यावरून सतत चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. जगभर वाहवा झाली. मग १९५६ सालीं त्यानेंच दोघांच्या गणवेशांचीं मापें काढलीं. चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या कंबरेहून मोठी निघाली. आणि गंमत अशी कीं, हा फरक तरुण चालकांतहि दिसत होता. म्हणजे थोड्या बसक्या बांध्याचे लोक आधींच चालकाच्या जागेकडे वळत असावेत. आपल्याच शोधाला अडचणीचा पुरावा आपणच प्रसिद्ध करणारा हा माणूस आम्हांस फार आवडतो. (त्यानें शेवटपर्यंत व्यायाम सोडला नाहीं आणि २००९ सालीं तो वारला तेव्हां नव्व्याण्णव वर्षांचा होता.) इंग्लंडांतील सरकारी नोकरांच्या २०१३ सालच्या एका अभ्यासांतहि असेंच आढळलें कीं, आज अधिक बसणारे उद्यां स्थूल होतात असें दिसत नाहीं, पण आज स्थूल असलेले पुढें दूरचित्रवाणीपुढें अधिक बसतात. तेव्हां बाण दोन्ही दिशांनीं जातो. ज्याचें अंग जड झालें त्याला उठणें जड जातें, आणि न उठल्यानें अंग आणखी जड होतें. हें चक्र आहे, आणि चक्रांत अडकलेल्यास शहाणपण शिकविण्यापेक्षां हात देणें अधिक उपयोगाचें.

एवढें ऐकून सभेंतील सडपातळ मंडळी निश्चिंत झाली असतील. त्यांनीं जरा थांबावें. ह्यापुढील गोष्ट आपल्या महाराष्ट्रांतली, पुण्याची आहे. तेथील के. ई. एम. रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन ह्या दोघा मित्रांनीं २००४ सालीं आपलीं दोघांचीं छायाचित्रें वैद्यकाच्या एका विख्यात नियतकालिकांत छापलीं. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि तोच, २२.३. पाहणाऱ्यास दोघेहि सडसडीत. पण शरीरांतील चरबी मोजली तेव्हां इंग्रजाच्या अंगांत ९.१ टक्के भरली आणि आपल्या पुणेकराच्या अंगांत २१.२ टक्के! कांटा वजन सांगतो. त्या वजनांत स्नायु किती आणि मेद किती हें तो सांगत नाहीं.

ह्या याज्ञिकांच्या मंडळींनीं १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील आयांची व बाळांची नोंद ठेविली. तेथील नवजात बालकाचें सरासरी वजन २.७ किलो भरलें, इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकाचें ३.५ किलो. आपलें बाळ दंडानें बारीक, स्नायूंनीं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानें राखून असलेलें. गरीब आईच्या पोटांत वाढतांना शरीर जणूं दुष्काळाची तरतूद करून येतें. अशा शरीरास वाडी, विहीर व पाटी मिळाली तर निभावून जातें. त्याच शरीरास खुर्ची, मोटारसायकल आणि दारांत येणारें खाणें मिळालें, तर जमा झालेली चरबी पोटांत, यकृताच्या आजूबाजूस जाऊन बसते, आणि मधुमेहाचें दार उघडतें.

आमच्या परिचयाचा एक बँकेंतील कारकून होता. काडीसारखा माणूस, फक्त पट्ट्याच्या वर एवढासा गोळा. सकाळची गाडी, दिवसभर खुर्ची, रात्रीं पुन्हा खुर्ची. "मला कसली साखर, फादर, माझ्या अंगावर मांस तरी आहे का?" असें तो म्हणे, आणि आम्हीहि मान डोलवीत असूं. पायाच्या जखमेच्या निमित्तानें तपासणी झाली तेव्हां साखर कित्येक वर्षांची जुनी असावी असें डॉक्टर म्हणाले. अंगठा गेला, मग पाऊल गेलें. वय अवघें ४६ होतें. त्या स्थूल बाईस आम्ही व्यर्थ दोषी ठरविलें, आणि ज्यास सावध करावयाचें त्याच्यापुढें मान डोलविली. आमचा तराजू दोन्ही पारड्यांत खोटा होता.

म्हणून कांट्यापेक्षां फीत बरी. आपल्या लोकांसाठीं पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि स्त्रीची ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ह्यापुढें गेली तर तपासणी करून घ्यावी असें डॉक्टर सांगतात. माप पोट आंत ओढून घेऊं नये; फितीला फसवितां येतें, रक्ताला नाहीं.

तर मग उभें राहिल्यानें चरबी झडते काय? आमचे पुष्कळ तरुण म्हणतील, "फादर, आम्ही नालासोपाऱ्याहून चर्चगेटपर्यंत उभेच जातों!" त्यांची निराशा करावी लागते. सेहेचाळीस अभ्यासांची एकत्र छाननी २०१८ सालीं झाली. बसण्याऐवजीं उभें राहिल्यानें मिनिटाला ०.१५ उष्मांक अधिक खर्च होतो, असें तींत निघालें. म्हणजे सहा तास उभें राहिल्यावर ५४. एक मध्यम केळें ह्याच्या दुपटीच्या जवळपास देतें. गाडींतला दीड दीड तास दोन्ही वेळचा धरला तर सत्तावीस उष्मांक झाले, म्हणजे चहांतील दोन लहान चमचे साखरेपेक्षांहि कमी. लोंबकळण्याचे वाटल्यास आणखी थोडे धरा. शिवाय तासन् तास एका जागीं उभें राहण्याचे स्वतःचे रोग आहेत. मोदेना येथें शिकविणाऱ्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्या डॉक्टरानें १७०० सालीं कामकऱ्यांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांत बैठ्या शिंप्या-चांभारांचें एक प्रकरण आहे, आणि उभ्यानें काम करणाऱ्यांचेंहि एक आहे, ज्यांत पायांच्या फुगलेल्या शिरांचें वर्णन आहे. बैठ्यांना त्यानें निदान सणवारीं तरी अंग हालवा असें सांगितलें.

खरा गुण उभें राहण्यांत नसून उठण्यांत व चालण्यांत आहे. साध्या चालण्यानें बसण्याच्या अडीच ते तीनपट शक्ति खर्च होते. ऑस्ट्रेलियांत २०१२ सालीं एकोणीस स्थूल माणसांवर प्रयोग झाला: गोड पेय पाजून त्यांना पांच तास बसविलें, दुसऱ्या वेळीं दर वीस मिनिटांनीं उठवून दोन मिनिटें सावकाश चालविलें. एवढ्यानेंच रक्तांत चढणारी साखर जवळजवळ चतुर्थांशानें कमी झाली. आणि ज्यांना आठ तास खुर्ची सोडतांच येत नाहीं त्यांनाहि मार्ग बंद नाहीं. दहा लाखांहून अधिक माणसांच्या माहितीवरून २०१६ सालीं असें दिसलें कीं, जे रोज तास-सवातास झपझप चालतात किंवा तितकी मेहनत करतात, त्यांचा दीर्घ बैठकीमुळें वाढणारा मृत्यूचा धोका जवळजवळ नाहींसा होतो. तासभर हें थोडें नव्हे, हें आम्हांस स्वानुभवानें ठाऊक आहे. आम्ही अद्याप पाऊण तासावरच आहों.

देवळांतील बाकांबद्दलहि एक शब्द. पुष्कळ शतकें ख्रिस्ती लोकांस देवळांत बाकें नव्हतीं. नायसियाच्या धर्मसभेनें ३२५ सालीं रविवारची प्रार्थना उभ्यानेंच करावी असा नियम केला होता. तो नियम परत आणा असें आम्ही म्हणत नाहीं, वृद्धांचे गुडघे आम्हांस दिसतात. परंतु शुभवर्तमानाच्या वेळीं उठणें, अर्पणाच्या वेळीं गुडघे टेकणें आणि पुन्हा उठणें, ह्याला जीं तरुण मुलें टाळतात, त्यांच्यासमोर त्यांच्या आज्या बाकाचा आधार न घेतां उठत असतात, एवढें त्यांनीं पाहावें.

ती शिवणकाम करणारी बाई गेल्या वर्षीं एका अंत्यविधीच्या वेळीं आम्हांस भेटली. आतां तिच्या केसांत पांढरे झाले आहेत. आम्ही तिला बाजूस घेऊन सांगितलें कीं, त्या रविवारीं आम्ही चुकलों होतों, आणि का चुकलों तेंहि आतां आम्हांस समजलें आहे. तिनें ऐकून घेतलें व म्हणाली, "फादर, तेव्हां तुम्ही सर्वांच्या समोर बोललां होतां, आतां मला एकटीला सांगतां?" म्हणून हें व्याख्यान.

आमच्या घड्याळाप्रमाणें आपण सर्व पस्तीस मिनिटें बसून आहांत. समितीची चहाची व्यवस्था ह्या मंडपांत होती. ती आम्हीं आज दुपारीं शाळेच्या पलीकडच्या ओट्यावर हलविली आहे. ज्यांना चालवत नाहीं त्यांच्यासाठीं मुलें येथेंच कप आणतील. फीत तेथेंच टेबलावर आहे, आणि पहिलें माप आम्ही आमचें देणार आहों.